मोटारीतली तांब्याची टाकी

मोटार ह्यांची होती, पण टाकी माझी. आमच्या संसारात वाटणी म्हणावी अशी ही एकच झाली आणि तीही मी भांडून घेतली होती.

आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या कडेला. तिथून सकाळी सोलापूरला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची अशी आमची सर्व्हिस मोटार होती. मोटार म्हणजे जुन्या लॉरीच्या सांगाड्यावर गावच्या सुतारानं ठोकलेली लाकडी पेटी. आत समोरासमोर दोन बाकं, वर ताडपत्री, बाजूला पावसापुरते पडदे. चालवायचे हेच, भाडं घ्यायचे हेच, आणि बंद पडली की तिच्याखाली उताणे झोपायचे तेही हेच. त्या काळी मोटारीत बसणं ही मिरवायची गोष्ट होती, त्यामुळं ती वाटेत बसली तरी लोक फारसं चिडत नसत. उतरून झाडाखाली पान खात आणि मोटारीबद्दल आपापली मतं देत.

उन्हाळ्यात मात्र मतं बंद व्हायची. वैशाखात त्या रस्त्यावर पाणी दोघांना लागे, माणसांना आणि इंजिनाला. मोटारीच्या नाकाशी, जाळीच्या मागं, पाण्याची एक चपटी पेटी असते. हे तिला रेडिएटर म्हणत; गावातले लोक नुसतं म्हणत, मोटार पाणी पिती. ते पाणी आटलं की इंजिन तापतं, वाफा सोडतं आणि जागच्या जागी बसतं. वाटेतल्या विहिरी होळीनंतर तळ दाखवायच्या. म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सोलापूरच्या तांबटाकडून तांब्याची एक टाकी घडवून आणली. पत्र्याची स्वस्तात झाली असती, पण पत्र्यावरून रॉकेलच्या डब्याची आठवण येते आणि मग कोण पिणार, असं त्यांचं म्हणणं. टाकी मागच्या बाकाखाली लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असे. वर हात जाईल एवढं तोंड आणि झाकण, खाली पितळी तोटी. आत मधोमध तांबटानं एक आडवा पत्रा बसवला होता, म्हणजे वळणावर सगळं पाणी एका अंगाला जाऊन मोटार ओढू नये. पाणी आत दिवसच्या दिवस राहणार म्हणून आतून कल्हईही करून घेतली होती.

पहिल्या उन्हाळ्यात टाकी पुरुषांच्या ताब्यात होती. महिन्याभरात तिच्यातून शेवाळाचा वास यायला लागला. एका उतारूनं चूळ भरून आमच्या दारातच थुंकली तेव्हा मी ह्यांना सांगितलं, "घरातली घागर कुणी घासायची ते ठरलंय ना? तसं हेही ठरवा. नाहीतर मी टाकी परड्यात पालथी घालून कोंबड्या झाकते तिच्याखाली." ह्यांनी मान हलवली. हे बहुतेक गोष्टींवर मान हलवत. कोणती मान हो म्हणते आणि कोणती नुसती हलते, ते मला तोवर कळायला लागलं होतं.

दर सोमवारी पट्ट्या सोडून टाकी परड्यात यायची. बाहेरून चिंच आणि राख. आतून खांद्यापर्यंत हात घालून काथ्यानं खरवडायची, कारण आमच्याकडचं पाणी जड. आत पांढरा थर धरतो. तो तोटीत अडकला तर निदान काडी घालून काढता येतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला तर कायमचा बसतो. मग टाकी उपडी करून उन्हात ठेवायची. पाणी भरायचं ते चार पदरी धडप्यातून गाळलेलं, तुरटी फिरवून रात्रभर निवळलेलं, आणि भरायचं तर काठोकाठ. अर्धी टाकी वाटभर डुचमळते आणि सांधे खिळखिळे करते. तोटीत आधी चामड्याची चकती होती. चामड्याला लागलेलं पाणी म्हणून निम्मे लोक तोंड लावत नसत. मी ती काढून टाकली आणि मेण लावलेल्या सुताचा वेढा दिला. तो पंधरवड्यानं बदलावा लागे, नाहीतर तोटी रस्ताभर ठिबकायची.

एवढं करूनही सगळे टाकीचं पाणी पीत असं नाही. ज्याच्या त्याच्या जातीचा तांब्या ज्याच्या त्याच्या मांडीवर असे. मला त्याचा राग यायचा. मी बोटं सोलून घासावं आणि ह्या लोकांनी फिरकीच्या झाकणाचा तांब्या पोटाशी धरून बसावं. पुढं त्याच तांब्यांवर माझी भिस्त पडणार होती, पण तेव्हा राग यायचा हे खरं.

दुसरं वर्ष सरता सरता आतली कल्हई जागोजागी उडून तांबडं दिसायला लागलं. नुसत्या पाण्याला त्यानं काही होत नाही, आंबटाला होतं. कल्हई गेलेल्या तांब्यात ताक ठेवलं की ते कळकतं आणि पोटात गेलं तर विषासारखं बाधतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण टाकीची कल्हई गेलीय हे मलाच ठाऊक होतं, कारण आत हात माझाच जायचा. पुढच्या खेपेला तांबटाकडं न्या, असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान हलवली.

त्याच वर्षी माघात सासूबाई गेल्या. शेवटचे दोन दिवस त्या ताक मागत होत्या. कफ वाढेल म्हणून वैद्यानं नको सांगितलं आणि मामंजींनी वैद्याचं ऐकलं. अखेर देव्हाऱ्यातला गंगेचा गडू काढला. काशीहून आणलेला, तोंड डाक लावून, म्हणजे कथील-शिसं वितळवून, बंद केलेला असा तांब्याचा गडू त्या काळी पुष्कळ घरांत असे, आणि तो एकदाच फोडायचा असतो, घरातलं माणूस जाताना. फोडलेला गडू म्हणजे आता आशा सोडली, एवढाच त्याचा अर्थ. सासूबाईंनी घोट गिळला न गिळला आणि त्या गेल्या. मामंजी पुढं कितीतरी दिवस एवढंच म्हणत, "ताक मागत हुती गं. द्यायला पायजे हुतं."

वैशाख लागला आणि माझ्या चार वर्षांच्या मुलीला ताप आला. आधी वाटलं ऊन लागलं. मग तिचा आवाज बसला, मान दोन्ही बाजूंनी सुजली, आणि श्वास घेताना छातीतून करवतीसारखा आवाज यायला लागला. वैद्यानं चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. "घटसर्प हाय. घशात पडदा धरलाय. ह्ये माझ्या हातातलं न्हाय. सोलापुरात मोठ्या दवाखान्यात त्याची सुई असती. उद्या न्या. परवा न्हाय, उद्या."

उद्या म्हणजे अक्षय्य तृतीया होती, आमच्याकडची आखिती. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर दान देतात, वाटसरूंना पन्हं पाजतात, ताक पाजतात. माझ्या डोक्यात ते काही नव्हतं. टाकी मी आदल्या सांजेला काठोकाठ भरून ठेवली होती आणि रात्रभर पोरीला उभी धरून बसले होते. पहाटे ओसरीवरून पाहिलं तर मामंजी मोटारीपाशी होते आणि शेजारचे दोघे कावडीनं घागरी आणत होते. भर घालत असतील असं वाटलं. विचारावं एवढं त्राण नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नाही. दान बोलून दाखवलं की पुण्य जातं, असं ते मानत.

आम्ही उजाडताना निघालो. मी मागच्या बाकावर, टाकीच्या वर, पोर मांडीवर. रिकामी मोटार धडधड उडत होती आणि प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास तुटत होता. अक्कलकोटच्या नाक्यावर थांबावंच लागे. तिथं रोजची माणसं वाट पाहत उभी होती, ती चढली. ह्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. गाठोडी आत येत होती, पाय आवरले जात होते, आणि मला त्या प्रत्येक माणसाचा राग येत होता.

माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. शेतकरी घरातली, रापलेली, हातांच्या शिरा वर आलेल्या. ती सोलापूरवरून पुढं मोहोळला, लेकीकडं निघाली होती. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं जरा सरकलं तेव्हा मला तांब्याचा गडू दिसला, तोंड डाकानं बंद केलेला. माझी नजर तिनं पाहिली. "काशीची गंगा हाय," ती म्हणाली, "सवता जाऊन आणलीया. सुनांच्या हाती न्हाय ठेवत मी. मरन कुटं गाठंल सांगता येतंय व्हय? म्हनून संगंच असती." मग तिनं माझ्या पोरीकडं पाहिलं आणि विचारलं, "लेकराला काय झालंय?" तो गडू माझ्या मुलीच्या इतका जवळ असावा हेच मला नको वाटत होतं. मी पोर दुसऱ्या मांडीवर घेतली.

अक्कलकोट मागं पडलं, वळसंग अजून पुढं होतं. मध्ये नुसता माळ. तिथं मोटारीच्या नाकातून फुस्स आवाज झाला आणि पांढरी वाफ उठली. ह्यांनी मोटार कडेला घेतली. पाण्याची रबरी नळी उलली होती आणि रेडिएटरमधलं पाणी रस्त्यावर सांडून गेलं होतं. मी घाबरले नाही. अशी नळी आधीही फुटली होती. ह्यांनी तिच्यावर साबण चोळला, कापडाची पट्टी गुंडाळली, वरून सुतळी करकचून बांधली. मग कळशी घेऊन मागं आले. "पोरीला घिऊन जरा उठ," म्हणाले.

मी उठले. ह्यांनी तोटी फिरवली आणि कळशीत पांढरं पडलं.

क्षणभर कुणालाच काही उमगलं नाही. समोरच्या बाकावर अक्कलकोटचे एक लिंगायत व्यापारी बसले होते. ते खाली वाकले, ओंजळ पुढं केली. "ताक आहे की," ते आनंदानं म्हणाले आणि एक घोट घेतला. दुसऱ्या क्षणी ते पडदा सारून बाहेर थुंकत होते. कळशीत मी बोट बुडवून जिभेला लावलं. जिरं होतं, मीठ होतं, आणि त्याच्या खालून तो कडवट, हिरवा, कळकलेला स्वाद. तेव्हा मला पहाटेच्या घागरी कळल्या. माझं गाळलेलं पाणी मामंजींनी तुळशीला घातलं असणार आणि सासूबाईंना न दिलेलं ताक टाकीत भरलं असणार. ताक देताना त्यांनी जिरंसुद्धा विसरलं नव्हतं. ज्या बाईचा हात दर सोमवारी त्या टाकीत जायचा, तिला मात्र विचारलं नव्हतं.

"घाला तेच," मी ह्यांना म्हटलं.

"कशात?"

"मोटारीत. पातळच हाय की. घाला."

"ताक तापलं की फाटतंय. चोथा हुईल. नळ्या बंद पडल्या तर ही मोटार हितनं हलायची न्हाय."

"न्हाई तरी कुटं हलतीया?"

ह्यांनी मान हलवली नाही. कळशी रस्त्यावर उपडी केली आणि तोटी उघडी सोडली. आखितीचं दान मातीत जिरत गेलं. त्या वेळी मला मामंजींचा राग आला, आणि त्याहून जास्त ह्यांचा, कारण हे समोर होते.

दोन तरण्या उतारूंना घागरी देऊन ह्यांनी वळसंगच्या वाटेला लावलं. पळत गेले तरी भरल्या घागरी घेऊन पळत येता येत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. जवळच्या एका विहिरीत वाकून पाहून आलेले व्यापारी म्हणाले, "नीरु इल्ला, तंगी. पाणी नाही, चिखलच आहे." तंगी म्हणजे धाकटी बहीण. ह्या माणसाच्या तोंडात आमच्या घरचं विष गेलं होतं आणि ते मला बहीण म्हणत होते.

इंजिन थंड झाल्याशिवाय त्यात पाणी घालता येत नव्हतं, घातलं तर तडकतं. म्हणजे पाणी असतं तरी थांबावं लागलंच असतं, असं मी स्वतःला सांगत होते. मोटारीच्या सावलीत बसून पोर उभी धरली होती. तिच्या ओठांच्या कडा निळ्या पडायला लागल्या होत्या. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. मी तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला लागले होते, तो थांबला की माझा थांबत होता.

इंजिनावर हात टेकवता यायला लागला तेव्हा हे सगळ्यांसमोर उभे राहिले. ह्यांना लोकांपुढं बोलायची सवय नव्हती. "ज्याच्यापाशी जेवढं पानी आसंल," हे म्हणाले, "तेवढं द्या. पोर हाय माझी."

पहिला तांब्या व्यापाऱ्यांचा आला. मग एका मुसलमान गृहस्थांनी तोटीचा बधना पुढं केला. मग एकामागून एक फिरक्या उघडल्या. कुणाचं पाणी कुणाच्या पाण्यात पडतंय हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि गप्प बसले. पोरीचे ओठ ओले करायला आणलेला माझा तांब्याही गेला. हे एकेक तांब्या धडप्यातून गाळून ओतत होते, सांडू न देता, मी शिकवलं होतं तसं. शेवटी आत काडी बुडवून पाहिली.

"आजून थोडं लागंल," हे म्हणाले. "नळ्या उघड्या पडल्यात. एवढ्यावर काढली तर वळसंगच्या आलीकडंच इंजिन बसंल."

कुणी म्हातारीकडं पाहिलं नाही. तिचा तांब्या तिनं आधीच दिला होता. राहिलेलं तिच्या मांडीवर होतं आणि ते कुणी मागणार नव्हतं.

मग म्हातारी उठून माझ्याजवळ आली. खाली बसली, फडकं सोडलं, आणि गडवाच्या तोंडाकडं बोट करून म्हणाली, "लेकराचं व्हट वाळल्यात गं. ह्ये फोडून देऊ का? दोन थेंब घालते तोंडात."

मी तिचा हात झिडकारला. पुष्कळ लोकांसमोर, वडीलधाऱ्या बाईचा. "तिच्या तोंडात नको. ती मरत न्हाई," मी म्हटलं. माझा आवाज एवढा चढला की मोटारीच्या पलीकडची माणसं इकडं आली. "तुमचा गडू तुमच्यापाशी ठेवा. माझ्या पोरीपुढं गडू फोडायचा न्हाई."

म्हातारीनं हात मागं घेतला. ती रागावली नाही. "तसं न्हवं गं," एवढंच म्हणाली, आणि फडक्याची गाठ पुन्हा बांधायला लागली. तिची बोटं जाड होती, गाठ बसत नव्हती. मी त्या बोटांकडं पाहत होते आणि गडवाकडं पाहत होते. चांगला तांब्याएवढा गडू होता. पोरीनं श्वास ओढला, तो अर्ध्यावर अडला, मग सुटला.

"आजी," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं.

"पोरीच्या तोंडात नको. मोटारीच्या तोंडात घाला."

माझ्या तोंडून हे कसं गेलं ते मला आजही सांगता येत नाही. तिच्या मरणासाठी ठेवलेलं पाणी मी इंजिनासाठी मागत होते, तेही तिला झिडकारल्यावर. म्हातारी गडू धरून बसून राहिली. "माझ्या तोंडात पडायचं हाय ह्ये," ती हळू म्हणाली. माझ्याशी नव्हे, गडवाशी बोलावं तशी. मग तिनं माझ्या पोरीच्या गळ्याखालची ती खळी पाहिली. एकदा पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली. आणि ह्यांच्याकडं वळून म्हणाली, "फोड बाबा. पर घालीन माझ्या हातानं."

ह्यांनी छिन्नीनं डाक उडवला. व्यापाऱ्यांनी तिला कोपराला धरून मोटारीच्या नाकापाशी नेलं. बाहेर एक थेंब पडला नाही. ओतताना ती मोटारीला म्हणाली, "पी बाई. पी आनि चाल."

मोटार चालली. हे तिला बैलगाडीच्या चालीनं नेत होते, उतार आला की इंजिन बंद करून सोडत होते. मी एका कानानं पोरीचा श्वास ऐकत होते आणि दुसऱ्या कानानं इंजिन. वळसंग जवळ आलं तेव्हा समोरून ते दोघे तरणे आले, खांद्यावर घागरी, अंग निथळत होतं. तिथं मोटार पोटभर पाणी प्याली. पुढं सोलापूरपर्यंत ह्यांनी ती कशी हाणली हे मला आठवत नाही. गिरणीचं धुराडं दिसलं एवढं आठवतं.

दवाखान्यात पोर माझ्या हातातून घेतली. सुई दिली, आणि गळ्याला बाहेरून चीर देऊन नळी बसवली. मला बाहेर व्हरांड्यात बसवलं. शेजारी म्हातारी बसली होती, मांडीवर रिकामा गडू घेऊन. मोहोळची मोटार तिनं जाऊ दिली. पुष्कळ वेळानं ती म्हणाली, "तोंडात घालू दिलं न्हाईस त्ये बरं केलंस." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. परक्या बाईच्या खांद्यावर मी त्याआधी कधी रडले नव्हते.

पोर वाचली. आवाज मात्र कायमचा घोगरा राहिला. मामंजींना मी घरी आल्यावर जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढं टाकीला हात लावायच्या आधी ते ओसरीवरून विचारत, "आत काय हाय गं टाकीत?" आणि कल्हई ह्यांनी त्याच आठवड्यात करून आणली.

म्हातारीची आमची ओळख राहिली. तिचं गाव अक्कलकोटच्या जवळच होतं. मोहोळला जाताना ती सोलापूरपर्यंत आमच्या मोटारीनं येई, तेव्हा हे तिला पुढं आपल्या शेजारी बसवत. मी ह्यांना म्हणायची, काशीला जाणारं कुणी शोधा, तिचा गडू भरून आणला पाहिजे. एक-दोनदा कुणी निघालंही होतं, पण ते आमच्याकडून राहून जाई. म्हातारी हसे. "दोनदा कशाला?" म्हणे.

पोर शाळेत जायला लागली होती तेव्हा एक दिवस म्हातारीचा मुलगा नाक्यावर येऊन उभा राहिला. ह्यांना म्हणाला, "आई काय आता उटत न्हाई. म्हनती, मोटार घिऊन या. माझी गंगा तिच्या पोटात हाय."

हे घरी आले, मला आणि पोरीला घेतलं, आणि मोटार तिच्या दारात नेऊन उभी केली. त्या दिवसानंतर ती रबरी नळी बदलली होती, रेडिएटर पुरता रिकामा करून दोनदा डाक लावून आणला होता. हे मला ठाऊक होतं आणि ह्यांनाही. टाकीत माझं गाळलेलं, निवळलेलं, स्वच्छ पाणी काठोकाठ भरलेलं होतं. मी ते देऊ का म्हणून ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी मान हलवली, आणि ती नाही म्हणणारी मान होती.

हे मोटारीखाली वाकले. रेडिएटरच्या तळाला छोटी तोटी असते, ती उघडून तांब्याभर पाणी काढलं. गंजानं तांबूस झालेलं, वाफाळतं पाणी. मी ते पदर चौपदरी करून गाळलं, थांबून पुन्हा गाळलं. रंग गेला नाही. निवायला थोडा वेळ ठेवलं असतं, पण तेवढा वेळ आहे की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

म्हातारी खाटेवर अगदी लहान झाली होती. डोळे मिटलेले होते. "आनली का?" तिनं विचारलं.

मी पळी पोरीच्या हातात दिली. पोरीनं आपल्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "आजी, आ करा."

म्हातारीनं आ केला. पोरीनं पळीभर पाणी घातलं. ती ते तोंडात धरून राहिली, मग गिळलं, आणि तिच्या कपाळावर एक आठी आली.

"गरम हाय की," ती म्हणाली.

आणि पुन्हा आ केला.